पिसांसारख्या झडपा पंखावर बसवताना: पहिल्या पट्टीपासून मॉडेल विमानापर्यंत

घार किंवा कबुतर उतरत असताना पंखाच्या वरच्या बाजूकडे बघा. काही बारीक पिसं अचानक उभी राहिलेली दिसतात, जणू मागून कोणी फुंकर मारली. खरोखर तसंच झालेलं असतं. उतरताना पक्षी पंख इतका तिरका करतो की हवा वरच्या पृष्ठभागाला धरून वाहू शकत नाही. ती सुटते आणि पंखाच्या मागच्या भागात उलटी, म्हणजे मागून पुढे, सरकू लागते. हीच फुंकर मोठ्या पिसांच्या मुळांवर असलेली आच्छादक पिसं उचलते.

विमानाच्या पंखावर पातळ पट्ट्या लावून हाच परिणाम मिळवता येतो. काम सोपं दिसतं, म्हणून बहुतेक जण प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून थेट उडवायला जातात आणि फरक दिसला नाही की सोडून देतात. फरक न दिसण्याची कारणं ठरलेली आहेत आणि जवळजवळ सगळी बनवतानाच टाळता येतात. या लेखात या पट्ट्यांना 'झडप' म्हटलं आहे, कारण 'फ्लॅप' म्हटलं की उतरताना खाली वळणारे नेहमीचे फ्लॅप डोळ्यांसमोर येतात.

१. झडपेकडून काय मागायचं ते आधी ठरवा

पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन (अँगल ऑफ अटॅक, पुढे नुसता 'कोन') वाढवत नेला की लिफ्ट (पंखाला वर उचलणारं बल) वाढत जाते. एका मर्यादेनंतर हवा सुटते, लिफ्ट पडते आणि ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा अडथळा) झपाट्याने वाढतो. हा स्टॉल. झडपेचं काम इथे सुरू होतं, त्याआधी नाही. छोट्या कोनात झडपेने काहीही करायचं नसतं, नुसतं पडून राहायचं असतं. बनवताना सगळ्यात जास्त मेहनत या 'काहीही न करण्या'वरच जाते.

उघडलेली झडप दोन प्रकारे काम करते. मागच्या कडेजवळची झडप बांधासारखी असते: मागून पुढे सरकणारा जास्त दाब ती अडवते, त्यामुळे तिच्या पुढच्या भागात कमी दाब टिकतो आणि लिफ्ट पूर्ण कोसळत नाही. पुढच्या भागातली झडप वेगळं काम करते. सुटलेली हवा आणि पंखाजवळची संथ हवा यांच्यामधल्या थरावर परिणाम करून ती हा थर पंखाच्या जवळ ठेवते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की पुढच्या भागातल्या ओळी वाढवल्या की हा दुसरा परिणाम साठत जातो. पाच ओळींच्या त्यांच्या पंखावर स्टॉलच्या अवस्थेत लिफ्ट ४५ टक्क्यांपर्यंत वाढली आणि ड्रॅग सुमारे ३० टक्के घटला. त्याआधी, १९९० च्या दशकात, बर्लिनमधल्या संशोधकांनी ग्लायडरच्या पंखाच्या मागच्या भागात एकच झडप लावून कमाल लिफ्ट सुमारे १० टक्के वाढवली होती. पहिल्या प्रयत्नात १० टक्क्यांच्या आसपासचीच अपेक्षा ठेवा. ४५ चा आकडा डोक्यात ठेवून सुरुवात केली तर चांगला निकालही अपयश वाटतो.

२. सामान

- १५० मिमी कॉर्डचा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) आणि ४४० मिमी लांबीचा चाचणी-पंख. फोमचा कापलेला किंवा थ्रीडी प्रिंट केलेला
- ०.१ मिमी जाडीची पीईटी (पारदर्शक पॉलिएस्टर प्लॅस्टिक) फिल्म
- पातळ बिजागरी टेप. नसेल तर साधी पारदर्शक टेप, पण जुनी आणि कडक झालेली नको
- बारीक पॉलिएस्टर धागा, पातळ सायनोॲक्रिलेट गोंद, धारदार ब्लेड, स्टीलची पट्टी
- लिफ्ट आणि ड्रॅगसाठी १ किलोचे दोन लोड सेल (बल मोजणारे सेन्सर), त्यांचे संकेत वाचणारे एचएक्स७११ बोर्ड आणि एक मायक्रोकंट्रोलर
- डिजिटल कोनमापक (०.१ अंश)
- १० मीटर प्रति सेकंद वेग देणारा, ४५० मिमी चौकोनी छेदाचा छोटा विंड टनेल (पंख्याने एकसारखा वारा सोडणारा बोगदा). शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला चालेल
- जास्त फ्रेम-दराने चित्रण करणारा कॅमेरा

पंखाची लांबी टनेलपेक्षा १० मिमी कमी ठेवली आहे, ती मुद्दाम. पंख भिंतीला जरासा जरी टेकला तरी बलाचा काही भाग भिंत घेते आणि लोड सेल खोटा आकडा दाखवतो. कॉर्ड याहून मोठी घेण्याचा मोह आवरा. २० अंशांवर १५० मिमीचा पंख टनेलची ५१ मिमी उंची अडवतो, म्हणजे ११ टक्के. एवढ्यावरही आकडे थोडे फुगतात. दोन अवस्थांची तुलना मात्र करता येते.

३. एअरफॉइल जाड घ्या

एअरफॉइल म्हणजे पंखाच्या आडव्या छेदाचा आकार. पातळ एअरफॉइलवर हवा पुढच्या कडेपासूनच एकदम सुटते. मागच्या झडपेला उघडायला सवडच मिळत नाही. १५ टक्के जाडीच्या, बाक असलेल्या एअरफॉइलवर (उदाहरणार्थ नाका ४४१५) हवा मागच्या कडेपासून सुटायला लागते आणि कोन वाढेल तशी हळूहळू पुढे येते. शिकण्यासाठी हाच प्रकार योग्य.

४. झडपा कापणे

लांबी (वाऱ्याच्या दिशेने) कॉर्डच्या १५ टक्के, म्हणजे २२ मिमी. रुंदी ५४ मिमी. असे आठ तुकडे, मध्ये १ मिमीची फट. एक सलग लांब पट्टी लावू नका. स्टॉल पंखभर एकाच वेळी होत नाही, तो तुकड्यातुकड्याने पसरतो, आणि सलग पट्टीचा अजून न सुटलेल्या हवेतला भाग बाकीच्या भागालाही दाबून धरतो.

जाडीचा प्रश्न वजनाचा आहे, आणि तो हिशेबाने सुटतो. पीईटीची ०.१ मिमी फिल्म चौरस मीटरला साधारण १४० ग्रॅम भरते, म्हणजे तिचं वजन पृष्ठभागावर सुमारे १.४ पास्कल दाब देतं. मूळ वारा १० मीटर प्रति सेकंद असताना उलट्या प्रवाहाचा वेग त्याच्या चौथा हिस्सा धरला, तर त्याचा गतिज दाब (वाहत्या हवेच्या वेगामुळे येणारा दाब) ३.७ पास्कलच्या आसपास येतो. १.४ सहज उचलला जातो. हीच फिल्म ०.५ मिमीची घेतली तर वजनाचा दाब ७ पास्कलच्या घरात जातो आणि झडप हलतच नाही. 'मजबूत असावी' म्हणून जाड पट्टी घेणं ही नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक.

हवा पंखाला धरून वाहत असतानाही झडप किंचित उचलली जाते, याचंही कारण समजून घ्या. पंखाच्या मागच्या भागात दाब मागे जाईल तसा वाढत जातो. झडपेच्या खाली तिच्या मोकळ्या टोकाजवळचा जास्त दाब शिरतो, वर मात्र पुढचा कमी दाब असतो. त्यामुळे ती दोन-तीन मिमी वर तरंगते आणि फुकटचा ड्रॅग वाढवते. उपाय दोन: मोकळी कड ५ मिमी खोल करवती दातांची कापायची, किंवा झडपेला १ मिमीची भोकं ७-८ मिमी अंतराने पाडायची, म्हणजे वरचा-खालचा दाब जुळतो. करवती कड कापायला सोपी, आणि पिसाच्या टोकाची आठवणही करून देणारी. भोकं पाडताना फिल्मच्या कडा वर येतात. त्या घासून सपाट केल्या नाहीत तर झडप नीट बसत नाही.

५. जागा

पहिली ओळ मागे लावा. बिजागरी कॉर्डच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून १२० मिमीवर. २२ मिमीची झडप १४२ मिमीपर्यंत येते आणि मागे ८ मिमी मोकळे राहतात. हे ८ मिमी सोडायलाच हवेत. झडप थेट मागच्या कडेपर्यंत किंवा तिच्या बाहेर गेली तर उलट्या प्रवाहाला तिच्याखाली शिरायला जागाच उरत नाही.

६. बिजागरी आणि धागा

बिजागरी नेहमी झडपेच्या पुढच्या कडेला, वाऱ्याच्या बाजूला. उलटं लावणारेही भेटतात. अशी झडप पहिल्या झुळुकीत उघडते आणि ब्रेक होऊन बसते.

1. पंखावर १२० मिमीची रेष आखा आणि पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्या.
2. शक्य असेल तर झडपेच्या जागी ०.२ मिमी खोलीचा खळगा ठेवा, म्हणजे झडप आणि टेप मिळून पंखाच्या पृष्ठभागाशी समतल बसतील. थ्रीडी प्रिंटमध्ये हे सोपं आहे.
3. झडप जागेवर ठेवा. टेपचा अर्धा भाग पंखावर, अर्धा झडपेवर. झडपेची कड आणि टेपचा पंखाला चिकटलेला भाग यांच्यामध्ये अर्धा मिमी मोकळा सोडा, तिथेच घडी पडते. ही फट विसरली तर टेप स्प्रिंगसारखी वागते.
4. टेप एकदा चिकटवल्यावर झडप वीस-पंचवीस वेळा पूर्ण उघडून मिटा, म्हणजे घडी मऊ होते.
5. धागा लावा.

धाग्याकडे दुर्लक्ष केलं तर सगळी मेहनत वाया जाते. त्याच्याशिवाय मोठ्या कोनात झडप ९० अंशांच्या पुढे जाते, पुढच्या बाजूला उलटी पडते आणि तिथेच राहते. मग लिफ्ट झडप नसलेल्या पंखापेक्षाही वाईट होते. उघडण्याची मर्यादा ६० अंश ठेवा. मिटलेल्या झडपेचं मोकळं टोक जिथे टेकतं त्याच बिंदूवर धाग्याचं दुसरं टोक चिकटवायचं. मग ६० अंशांसाठी धाग्याची लांबी झडपेच्या लांबीइतकीच येते, २२ मिमी, कारण समभुज त्रिकोण होतो. ४५ अंश हवे असतील तर १७ मिमी. प्रत्येक तुकड्याला दोन धागे, दोन्ही कोपऱ्यांपासून ८ मिमी आत. एकच धागा मध्ये लावला तर झडप पीळ खाते. गोंदाचा थेंब सुईच्या टोकाने द्या. तो पसरून झडपेखाली गेला की तो तुकडा बाद.

७. वारा सोडण्याआधी

पंख उलटा धरा. सगळ्या झडपा स्वतःच्या वजनाने लोंबल्या पाहिजेत आणि धाग्याने एकाच कोनात थांबल्या पाहिजेत. एखादी चिकटून राहिली तर बहुतेक वेळा स्थिर विद्युत असते. पीईटीला ही खोड आहेच. किंचित ओलसर कापडाने दोन्ही बाजू पुसा. तरीही चिकटली तर टेप ताठ आहे.

पंख सुलटा केल्यावर सगळ्या मिटल्या पाहिजेत. एखादी अर्धवट उघडी राहिली तर धागा खाली गोळा झाला आहे. धाग्यासाठी पृष्ठभागावर बारीक खाच पाडली की हा त्रास जातो. मग मागच्या कडेकडून तोंडाने हलकी फुंकर मारा: झडपा उठल्या पाहिजेत. पुढून मारा: मिटल्या पाहिजेत.

८. टनेलमधलं मोजमाप

इथे चार अवस्था मोजायच्या असतात, दोन नाही:

- कोरा पंख
- झडपा लावलेल्या, पण टेपने मिटवून बंद केलेल्या
- मोकळ्या झडपा
- ६० अंशांवर कायमच्या उघड्या केलेल्या झडपा

दुसरी अवस्था गाळली तर बाकीच्या आकड्यांना फारसा अर्थ राहत नाही. १० मीटर प्रति सेकंद वेग आणि १५० मिमी कॉर्ड यांवर रेनॉल्ड्स संख्या (वेग आणि आकार यांच्या तुलनेत हवेचा चिकटपणा किती महत्त्वाचा ते सांगणारा आकडा) सुमारे १ लाख येते. एवढ्या कमी रेनॉल्ड्स संख्येवर टेपच्या कडेची छोटीशी पायरीसुद्धा पंखाजवळचा प्रवाह खळबळता करू शकते आणि स्टॉल आपोआप पुढे ढकलला जातो. तुम्हाला वाटतं झडप चालली, प्रत्यक्षात टेप चाललेली असते. म्हणून झडपेचं श्रेय दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेतल्या फरकाएवढंच. चौथी अवस्था सांगते की मोकळी झडप पुरेशी उघडते की नाही. मोठ्या कोनात तिसरी आणि चौथी जवळजवळ सारखी आली तर तुमची झडप मोकळी आहे.

कोन उणे ४ पासून १० पर्यंत २-२ अंशांनी, १० ते २२ पर्यंत १-१ अंशाने. प्रत्येक कोनावर आधी वारा बंद ठेवून शून्य वाचन घ्या, कारण कोन बदलला की पंखाचं वजन लोड सेलवर वेगळं पडतं. मग वारा सुरू करून प्रवाह स्थिरावू द्या आणि ३० सेकंदांची सरासरी घ्या. स्टॉलमध्ये बल सतत डोलतं, एकाच वाचनावर विसंबू नका. २२ वर पोचलात की तसेच उलटे खाली या. स्टॉलमधून परत येताना हवा त्याच कोनात पुन्हा चिकटत नाही, उशिरा चिकटते, आणि झडपांचा खरा फायदा पुष्कळदा या परतीच्या वाटेवरच दिसतो.

आकडे ताळ्यावर आहेत का, ते असं पाहा: गतिज दाब ६० पास्कल, क्षेत्रफळ ०.०६६ चौरस मीटर. लिफ्ट गुणांक (लिफ्ट भागिले गतिज दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार) १.२ असेल तर लिफ्ट ४.७ न्यूटन, म्हणजे लोड सेलवर सुमारे ४८० ग्रॅम. तुमचं वाचन याच्या निम्मं येत असेल तर झडपेचा विचार नंतर, आधी पंख कुठे घासतोय ते शोधा.

पंख टनेलमध्ये उभा बसवला तर गुरुत्व झडपेला मिटवत नाही आणि ती सहज उघडते. प्रत्यक्ष उड्डाणात तसं नसतं, म्हणून शक्यतो आडवाच बसवा. प्रवाह पाहायला लावलेले लोकरीचे धागेही बल मोजताना काढून ठेवा, कारण झडपेखाली गेलेला एक धागा तिला उघडी ठेवायला पुरेसा असतो.

९. पुढच्या ओळी

मागची ओळ नीट चालेपर्यंत पुढे हात लावू नका. मग बिजागरी ५० टक्क्यांवर, त्यानंतर २५ टक्क्यांवर, आणि प्रत्येक ओळीनंतर चारही अवस्था पुन्हा. पुढे पृष्ठभाग गोलसर असतो आणि सपाट फिल्म त्यावर टोकाने वर उठते. म्हणून फिल्म आधी नळीवर गुंडाळून तिला तेवढा बाक द्या. पहिल्या १० टक्क्यांत नवशिक्यांनी झडप लावू नये: तिथे दाब फार झपाट्याने बदलतो, झडप वेळेआधी उघडते आणि जो स्टॉल टाळायचा तो स्वतःच घडवते.

१०. मॉडेल विमानावर

इथे एकच नियम जवळजवळ सगळं ठरवतो: दोन्ही पंख सारखे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत वोल्फगांग लीबे यांच्या कल्पनेवरून मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाच्या एका पंखावर चामड्याची झडप लावून पाहिली गेली. झडपेच्या बाजूचा पंख हवा धरून ठेवत होता, दुसरा आधी सोडत होता, आणि विमान सांभाळणं अवघड झालं. तुमच्या मॉडेलवर डावीकडची एक झडप चिकटून राहिली तर हेच होईल. त्यामुळे प्रत्येक उड्डाणाआधी उलट्या पंखाची तपासणी, दोन्ही बाजूंनी.

झडप एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणारा पंखाचा मागचा हलता भाग) बिजागरीवर कधीही नको. एलेरॉन ७५ टक्क्यांपासून सुरू होत असेल तर झडपेचं मोकळं टोक ७२ वर थांबवा. उघड्या झडपेमागे एलेरॉनला संथ हवा मिळते आणि त्याची पकड कमी होते, म्हणून सुरुवातीला झडपा पंखाच्या आतल्या निम्म्या भागातच ठेवा आणि बाहेरचा भाग कोरा सोडा. मागच्या भागात कमी दाब टिकल्यामुळे नाक खाली जाण्याकडे कल वाढतो, तेव्हा एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) अजून हालचाल शिल्लक आहे ना, ते जमिनीवरच बघा. गुरुत्वमध्य पुन्हा तपासा.

पहिला स्टॉल किमान ७०-८० मीटर उंचीवर, वारा शांत असताना, मोकळ्या मैदानावर, मॉडेल उड्डाणाचे लागू असलेले नियम पाळून. इंजिन कमी करून नाक हळूहळू वर घ्या. पंखाकडे तोंड केलेला छोटा कॅमेरा लावा: झडपा कोणत्या क्रमाने उठल्या हे चित्रणातच कळतं, जमिनीवरून नाही. आधी झडपा टेपने बंद करून तीच उड्डाणं करा, मग मोकळ्या करून. माणूस बसणाऱ्या कुठल्याही विमानावर, अल्ट्रालाइट असो की ग्लायडर, हा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करण्याचा नाही. तिथे पंखावरच्या प्रत्येक बदलाला अधिकृत मान्यता लागते.

उड्डाणांनंतर

स्टॉलमध्ये झडपा सतत फडफडतात, त्यामुळे सगळ्यात आधी धागे झिजतात, तेही गोंदाच्या थेंबाच्या कडेला. दर दहा-बारा उड्डाणांनी भिंगाने पाहा. टेपच्या घडीत धूळ बसली की झडप सावकाश मिटायला लागते. तिथे पुसत बसण्यापेक्षा टेप नवीन लावलेली बरी, आणि बदलायची तर दोन्ही पंखांची एकाच दिवशी.